जिवंताला एकच नमस्कार

माझा नवरा पहिल्यांदा मेला तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. त्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला, हातपाय धुतले आणि मुळ्याच्या रश्श्याबरोबर दोन वाडगे भात हाणला. सासूबाईंनी मात्र अपशकुन जावा म्हणून त्याच्या अंगावर मूठभर मीठ फेकलं आणि आठवडाभर त्याच्याशी अबोला धरला.

सिनेमावाले तेव्हा आमच्या ओरापो गावात तळ ठोकून होते. समुद्रात गेलेल्या एका कोळ्याची बायको, तिची गोष्ट. कोळी स्वतः सिनेमात कुठेच नाही. सुरुवातीलाच त्याचा फोटो दिसतो, काळी फीत लावलेला, पुढे उदबत्ती, आणि सगळं गाव एकेक करून त्या फोटोपुढे वाकून जातं. फोटोसाठी त्यांनी सोलहून एक नट आणला होता. दिग्दर्शकानं त्याच्याकडे बघून तोंड वाकडं केलं. म्हणे, हा माणूस जन्मात कधी भिजलेला वाटत नाही. माझा नवरा मानसोक त्यांचा कॅमेरा आपल्या होडीतून फिरवत होता. दिग्दर्शकाची नजर त्याच्यावर गेली, आणि त्याचं पुढचं वाक्य पुरं व्हायच्या आत मानसोक केस विंचरून आला.

"मेल्या, जिवंतपणी काळी फीत लावून घेतोस?" सासूबाई कडाडल्या.

"आई, सिनेमा आहे तो. खोटं असतं सगळं."

"यमाला काय कळतंय सिनेमा?"

गावातल्या सगळ्यांना त्यांनी रांगेत उभं केलं. मीही होते, शेजारीण म्हणून. आमच्याकडे जिवंत माणसापुढे एकदा वाकतात आणि मेलेल्यापुढे दोनदा. गुडघे टेकून, हात जमिनीवर, कपाळ हातांवर. दिग्दर्शकाचं काही केल्या समाधान होईना. कधी उजेड चुकायचा, कधी रांगेत कुणाला तरी हसू फुटायचं, की पुन्हा पहिल्यापासून. दिवसभर आम्ही वाकत राहिलो. माझ्याच नवऱ्याच्या फोटोपुढे दोनदा, पुन्हा दोनदा, असं वाकून वाकून माझे गुडघे सोलले, आणि हा बाबा खिडकीबाहेर उभा राहून मला वेडावून दाखवत होता.

सिनेमा चालला. असा चालला की पुढच्या उन्हाळ्यापासून बसगाड्या येऊ लागल्या. जिल्हा कचेरीनं टेकडीवरचं ते शूटिंगचं रिकामं घर ताब्यात घेतलं, दारात पाटी लावली आणि आतल्या खोलीत सिनेमातल्यासारखं सगळं मांडून ठेवलं. फोटो, फीत, उदबत्ती, आणि फोटोखाली त्या सिनेमातल्या कोळ्याचं नाव. लोक यायचे, बूट काढायचे, दोनदा वाकायचे, डोळे पुसायचे, सोजूची, म्हणजे आमच्याकडच्या दारूची, बाटली ठेवून जायचे.

सुरुवातीला मानसोकनं त्यात खूप मजा केली. मासे कमी असले की तो वर जाऊन ओट्यावर बसायचा. एखादा पर्यटक दुसऱ्यांदा वाकून उठला की हा मागून खाकरायचा, "झालं का? मग ती बाटली इकडे द्या." एक बाई तर किंचाळत मोज्यांवरच टेकडी उतरली होती. गावातली पोरं त्याला मयतकाका म्हणायची. गोदीवर कशावरून वाद झाला आणि मानसोकनं तोंड उघडलं, की कुणीतरी हटकून म्हणायचं, "मेलेल्या माणसाला कोण विचारतंय?" तोही सगळ्यांबरोबर हसायचा. मी हसत नसे, पण माझ्याकडे बघायला वेळ कुणाला होता?

अशी कितीतरी वर्षं गेली, आणि मग त्याची फुप्फुसं बिघडली. मोठ्या इस्पितळात नेलं, तिथल्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, नीट खाऊपिऊ घाला म्हणाले. म्हणजे काय ते आम्हाला कळलं. होडी धाकट्या भावाकडे, गिलमानकडे, गेली. मानसोक दिवसभर माझ्या खाणावळीत खिडकीपाशी बसू लागला. गोदीसमोरच आहे माझी खाणावळ, भरलेल्या माकुलांसाठी लोक तालुक्याहून येतात. तिथून त्याला सगळ्या होड्या जाताना-येताना दिसायच्या.

एकदा, त्याला अजून चढ चढवत होता तेव्हा, तो टेकडीवरून आला आणि जेवणाला हात लावेना.

"आज एक म्हातारी रडली वर," तो म्हणाला. "फार रडली. तिचाही कुणी असाच गेलेला असणार. मी दारात उभा होतो. ती माझ्याकडे वळून म्हणाली, जरा बाजूला व्हा हो, उजेड अडतोय."

"मग झालात ना बाजूला?"

"झालो." त्यानं थोडा वेळ श्वास गोळा केला. "अगं, तो फोटो खाली यायला हवा. मी आहे तोवर. नाहीतर मी जाईन तेव्हा लोक म्हणतील, हा तर केव्हाच गेलेला. कुणाला नव्यानं वाईटसुद्धा वाटणार नाही."

एवढंच त्याला हवं होतं. उभ्या संसारात या माणसानं माझ्याकडे जास्तीचं लोणचंसुद्धा मागितलं नव्हतं. मी कंबर कसली आणि जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन धडकले.

तिथे पर्यटन खात्यात बोंग नावाचा अधिकारी आहे. माणूस वाईट नाही. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं.

"मावशी, फोटो काढला तर त्या खोलीत उरतं काय?" तो म्हणाला. "रिकामी भिंत बघायला कोण येणार?"

"तोंड माझ्या नवऱ्याचं आहे."

"तोंड काकांचंच, पण फोटो सिनेमाचा. कंपनीला विचारावं लागेल, समितीपुढे ठेवावं लागेल." मग तो आवाज मऊ करून म्हणाला, "आणि काका आहेत ना अजून चांगले? मग घाई कसली?"

मी चहाला हात न लावता उठले. त्यानंतरही जात राहिले. दर वेळी चहा यायचा, समिती काही बसायची नाही. इकडे मानसोकला जिने चढवेनासे झाले, मग खोलीतून खोलीत जातानाही तो दाराची चौकट धरून थांबू लागला. माझ्या जिवाचं पाणी पाणी होत होतं. माणूस माझ्या डोळ्यांसमोर सरत चालला होता आणि वर टेकडीवर त्याच्या फोटोपुढे भलत्याच माणसाचं सुतक चालू होतं.

त्या हिवाळ्यात तक हारिन नावाची एक पोरगी आली.

चौतीस-पस्तिशीची, पाठीवर तिच्याहून जड कॅमेरा. ती सिनेमावाली नव्हती, बातम्यावालीही नव्हती. जिथे कधीकाळी शूटिंग झालं आणि नंतर ज्यांना सगळे विसरले, अशी लहान गावं ती हुडकत फिरायची. तिथल्या माणसांना, सिनेमात ती जिथे होती तिथेच पुन्हा उभं करायची आणि कॅमेरा लावून गप्प बसायची. ते व्हिडिओ मग सोलच्या संग्रहालयात, अंधाऱ्या खोलीत, भिंतभर दाखवतात म्हणे. तिचा कॅमेरा हलतच नाही. गोदीवर चोर पकडायला लावलाय तो कॅमेरासुद्धा अधूनमधून मान वळवतो.

"यात बघायचं काय असतं, पोरी?" मी एकदा तिला सूप वाढताना विचारलं.

"काही नाही, मावशी. माणूस बराच वेळ उभा राहिला ना, की त्याचं नाटक संपतं. मग जे उरतं ते बघायचं."

"आणि काहीच उरलं नाही तर?"

"तर तेही दिसतं."

पोरगी मला आवडली होती. पानातलं सगळं खायची, ताट आपणहून आत आणून द्यायची. पण एक दिवस ती मानसोकपुढे बसली आणि म्हणाली, "काका, तुम्ही वर त्या फोटोखाली बसाल? नुसतं बसायचं. पर्यटक येतील, वाकतील, जातील." माझं डोकंच फिरलं. जितेपणी याच्यापुढे लोकांना दोनदा वाकवायचं, तेही कॅमेऱ्यासमोर! मी मिठाची बरणी उचलली आणि तिच्या मागे रस्त्यापर्यंत मीठ फेकत गेले. ती कॅमेऱ्यावर हात धरून पळाली.

परत आले तर मानसोक विचारात पडलेला.

"तिला बोलाव," तो म्हणाला.

"कशाला? ती गेलेली बरी."

"बोलाव तू. मी बसतो. पण पर्यटक नकोत. तेव्हा रांगेत जे जे होते ते येऊ देत, जे गेले त्यांची मुलं येऊ देत. आणि फोटोपुढे नाही, माझ्यापुढे वाकायचं. एकदाच." त्याची छाती वरखाली झाली. "बोंगला समिती लागते ना? सगळ्या गावालाच समिती करू."

बऱ्याच दिवसांनी त्याच्या डोळ्यांत ती जुनी खोड दिसली. मी रस्त्यावर जाऊन पोरीला हाका मारल्या. तिच्या केसांत मीठ होतं, ते मीच झटकलं.

नवीन वर्षाचा तिसरा दिवस ठरला. थोरामोठ्यांपुढे वाकायचे दिवसच ते, शहरात गेलेली पोरंबाळंही घरी आलेली. गिलमाननं मानसोकला पाठीवर घेऊन टेकडी चढायला सुरुवात केली. अर्ध्या वाटेत तो म्हणाला, "दादा, किती हलका झालास रे."

"फोटोच आहे मी," मानसोक त्याच्या मानेत तोंड घालून म्हणाला.

आम्ही त्याला फोटोखाली गादीवर बसवलं, पाठीशी उशा लावल्या. वर बत्तिशीचा मानसोक, काळी फीत लावलेला, दात दिसतील इतका हसणारा. खाली हा, दोन स्वेटर घालूनही हाडं मोजता येतील असा. फीत काढू का असं हारिननं विचारलं, तर नको म्हणाला, राहू दे, लोकांना दोन्ही दिसू दे. तिनं कॅमेरा लावला आणि भिंतीला टेकून बसली. मी दाराशी पहाऱ्याला.

"एकदाच!" मी रांगेवर ओरडत होते. "वाकायचं, उठायचं, चालू लागायचं. कुणी दुसऱ्यांदा गुडघे टेकले तर याद राखा!"

वाटलं होतं त्याहून ते अवघड निघालं. त्या खोलीत शिरलं की म्हाताऱ्यांचे गुडघे त्यांचं ऐकेनात. सिनेमावाल्यांनी दिवसभर वाकवून जे अंगात भिनवलं होतं ते अजून निघालेलं नव्हतं. जोमरे आत्या, जिच्याकडे त्या घराची किल्ली असते, एकदा वाकून उठली आणि सरळ पुन्हा खाली निघाली. मी धावत जाऊन तिचा दंड धरला. "अगं आत्या, मारतेस का त्याला!" सगळे खो-खो हसले. मानसोकही हसला आणि मग त्याला खोकल्याची उबळ आली. ती जाईपर्यंत रांग मुकाट्यानं थांबली.

प्रत्येकाला तो आशीर्वाद देत होता. कुणाला म्हणाला, यंदा पोर होऊ दे. कुणाला, सोजू कमी कर, नाहीतर माझ्याआधी जाशील. एका मुलानं वाकून झाल्यावर विचारलं, "आजोबा, वरचा कोण?" तर म्हणाला, "तो सिनेमातला. मी गावातला." त्या वाक्यानं मला बरं वाटलं. सगळं जमत होतं.

शेवटी मी. नवराबायकोनं समोरासमोर वाकायचं असतं, पण वाकलं की त्याचा श्वास कोंडायचा, म्हणून त्यानं नुसती मान झुकवायची असं ठरलं होतं. मी कमरेचा एप्रन सोडला आणि त्याच्यापुढे जाऊन वाकले. मागल्या अंगणात सगळ्यांसाठी तांदळाच्या वड्यांचं सूप उकळत होतं. वड्या फार शिजल्या की लगदा होतो, म्हणून माझा अर्धा जीव तिकडे होता. उठले ती तशीच मागे गेले.

थोड्या वेळानं हारिन आली. "मावशी, तुमचं परत एकदा घेऊ का?"

"परत? सकाळपासून मी एकदा म्हणजे एकदा म्हणून बोंबलतेय, आणि मीच परत जाऊ?"

मग तिनं माझ्या हातातला डाव घेतला आणि वाडगे भरायला लागली.

झाडांना कोवळी पानं फुटली तेव्हा व्हिडिओ तयार झाला. सोलला लावण्याआधी गावाला दाखवायचं तिनं कबूल केलं होतं. मासळीच्या लिलावाची शेड धुऊन घेतली, उजेड येऊ नये म्हणून निळ्या ताडपत्र्या लावल्या, बसायला पालथे क्रेट. दुपारची वेळ. बोंगला मी स्वतः फोन करून बोलावलं होतं. तो आला, पुढच्याच क्रेटवर बसला. मानसोकला आम्ही खुर्ची दिली, शेजारी मी. हारिन कडेला उभी होती, नखं कुरतडत.

पहिल्यांदा हशा पिकला. भिंतीवर आपलं तोंड एवढं मोठं बघून कुणाला हसू येणार नाही? "अरे, तुझा मोजा फाटलाय!" "वजन बघ आत्याचं!" मग हळूहळू आवाज विरत गेले. एकजण येतो, वाकतो, उठतो, जातो. दुसरा येतो. कॅमेरा तसाच. बघता बघता काय होतं, की येणाऱ्याजाणाऱ्यांकडे लक्ष राहत नाही, मधे बसलेल्या माणसाकडे राहतं. तो पापण्या मिटतो, उघडतो. ओठ ओले करतो. त्याच्या वरचा फोटो हसतोय, हसतोय, आणि त्याची पापणी काही लवत नाही. बोंगनं हातातला मोबाइल खिशात टाकला. मला ते अंधारातही दिसलं.

"जमलं हो," मी मानसोकच्या कानात म्हणाले. त्यानं माझा हात दाबला.

मग भिंतीवर मी आले.

एप्रन सोडला, घडी करून बाजूला ठेवला. वाकले. उठले. आणि पुन्हा खाली गेले.

पहिल्यापेक्षा सावकाश. गुडघे टेकले, हात टेकले, कपाळ हातांवर गेलं आणि तिथेच राहिलं. किती वेळ ते कुणास ठाऊक. भिंतभर नुसती माझी पाठ. मग उठले, मनगटानं डोळे पुसले आणि त्याच्याकडे न बघता निघून गेले. मागे मानसोक दिसू लागला. माझ्यासाठी झुकवलेली मान तो हळूहळू वर करत होता.

मला यातलं काही आठवत नव्हतं. देवाची शपथ घ्यायला लावली असती तर मी घेतली असती की मी एकदाच वाकले. पण भिंतीवर दिसत होतं. दोन हिवाळे मी त्याची अंथरुणं धुतली, पेज गाळून पाजली, रात्र रात्र त्याचा श्वास ऐकत बसले, आणि या सगळ्यात कधीतरी, मला न विचारता, माझ्या गुडघ्यांनी त्याला निरोप देऊन टाकला होता. गावातल्या सगळ्यांना मी दटावलं, आणि सगळ्या गावादेखत, बोंगदेखत, मीच त्याला मारलं. लाजेनं माझ्या कानांतून वाफा निघत होत्या. उठून पळून जावं तर पायांत जीव नव्हता.

शेडमध्ये कुणी हललं नाही. पुढे बोंगनं घसा खाकरला.

"काय झालं सगळ्यांना?" मानसोक बोलला. आवाज बारीक, पण त्या शांततेत मागपर्यंत गेला. "लग्नात नवरी दोनदा वाकते, नवरा एकदा. विसरलात होय?" त्यानं श्वास घेतला, सगळे थांबले. "आमच्या लग्नात दुसऱ्यांदा वाकताना हिचा मुकुट पडला होता. ते राहिलं होतं बिचारीचं. आत्ता कुठे नीट वाकली."

मग जोमरे आत्या टुणकन उठली. "पडला होता, पडला होता! मीच तर होते दंड धरायला! गडगडत गेला की कोंबड्यांत!"

शेड हसण्यानं दणाणली. कुणीतरी शिट्टी मारली, गिलमान "वहिनी, आता दुसरं लग्न लावू या" म्हणून ओरडला. बोंगही हसला, त्याच्या खांद्यांवरून कळत होतं. हारिन मात्र हसली नाही. ती आमच्याकडे बघत होती, आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

माझा मुकुट पडला नव्हता. तो त्यानं आत्ता पाडला होता, माझ्यासाठी.

बाहेर पडताना बोंगनं त्याचा हात हातात घेतला. "काका, समितीपुढे ठेवतो मी. या वेळी नक्की."

"ठेवा, ठेवा," मानसोक म्हणाला.

गिलमान गाडी आणतो म्हणाला, पण मानसोकला थोडं चालायचं होतं. टेकडीच्या पायऱ्या जिथे सुरू होतात तिथपर्यंत आलो आणि तो दगडी कठड्यावर टेकला. मी समोर उभी राहिले. लोक पांगले होते.

"अहो, ते लग्नातलं नव्हतं," मी म्हणाले.

"माहीत आहे."

"तेव्हाच कळलं होतं तुम्हाला?"

"समोरच तर बसलो होतो."

"मग ओरडायचं ना! मी सगळ्यांना ओरडत होते, तुम्ही मला ओरडायचं!"

त्यानं कठडा दोन्ही हातांनी धरला आणि श्वास गोळा केला.

"तू दमलीयस," तो म्हणाला. "म्हटलं, होऊन जाऊ दे तिचं एकदाचं. मी खरोखर जाईन तेव्हा तुला पाहुण्यांचं बघायचं असेल, भाताचं बघायचं असेल. शांतपणे वाकायला तुला कोण वेळ देणार?"

मी तिथे रस्त्यातच बसले आणि रडले. फोटोपुढे रडतात तसं नाही, तोंड वेडंवाकडं करून, नाक गळेपर्यंत. त्यानं वरून माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. त्या हाताला वजन असं नव्हतंच. मला त्याचा राग आला. एवढं समजून घेणाऱ्या माणसाचा राग येतो, नाही असं नाही. आणि तो राग आला तेव्हाच माझ्या पायांत जीव आला.

"इथेच बसा," मी म्हणाले आणि माघारी वळून जोमरे आत्याला गाठलं. किल्ली मागितली.

"समिती बसली का?" तिनं विचारलं.

"बसली आणि उठली."

तिनं कमरेची किल्ली सोडून माझ्या हातात दिली आणि मुद्दाम समुद्राकडे तोंड करून उभी राहिली.

खोलीत शिरले, स्टूल लावलं. फोटो काढताना खिळा भिंतीतून अर्धा निघाला, थोडी माती पडली. त्या कोळ्याच्या नावाची पाटी राहू दिली. ती काही आमची नव्हती. मागे रिकामा चौकोन उरला, बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ. बघू देत बोंगला आता काय उरतं ते. फोटो काखेत मारून मी पायऱ्या उतरले.

मानसोकनं तो मांडीवर घेतला, बाहीनं काच पुसली. काळी फीत एका बाजूनं सुटून लोंबत होती.

"काय देखणा होतो बघ," तो म्हणाला.

"फीत काढून खाणावळीत लावू या. गल्ल्यामागे."

"नको. कपाटात ठेव. लागेल."

मला पुन्हा रडू येणार होतं, म्हणून मी आवाज चढवला. "हा? हा लावायचा? बत्तीसचे आहात तुम्ही यात! लोक हसतील मला. म्हणतील, म्हातारीनं कुणाचा तरुण नवरा आणून पुरला."

"हसू देत," तो म्हणाला. "गेल्या वेळी मेलो तेव्हा सगळे रडले होते."